बोटीचं अ‍ॅव्हरेज तासावर काढा

‘बोट अ‍ॅव्हरेज किती देते?’ नवी बोट बघायला गेलेला माणूस हे सगळ्यात आधी विचारतो आणि विकणाराही काहीतरी आकडा सांगून मोकळा होतो. त्या आकड्यावर जाऊ नका. लिटरला किती किलोमीटर हे माप मोटारसायकलचं आहे. ट्रॅक्टर असलेल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. नांगरटीला ट्रॅक्टर तासाला किती डिझेल खातो हे तिथं पोरांनाही पाठ असतं, आणि रान कडक असलं, फाळ खोल घातला की तो आकडा चढतो हेही माहीत असतं. बोट म्हणजे दिवसभराची नांगरटच. उतार लागला म्हणून न्यूट्रल करून सोडून दिली, असं पाण्यात होत नाही. रेसचा लिव्हर मागे घेतला की बोटीच्या दोन-चार लांब्यांतच तिचा वेग पडतो.

त्यामुळे आधी तासाचा आकडा काढायचा, किलोमीटरचा त्यावरून. या लेखात सगळीकडे एकच बोट धरली आहे: १६ फुटी फायबरची, मागे बाहेरून लटकवलेलं ४० एचपीचं फोरस्ट्रोक आउटबोर्ड मशीन, आत चार माणसं. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये लिटर हे दर हिशोबापुरते आहेत. तुमच्या दिवशीचा दर घालून पुन्हा गुणाकार करा.

पाणी कुठलं, ते आधी ठरवा

मशीन किती एचपीचं घ्यायचं हे पाण्यावर ठरतं. कोल्हापूरच्या रंकाळा, कळंबा तलावांएवढ्या पाण्यात ४० एचपी म्हणजे गल्लीत ट्रक. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडतात आणि नदीचे तुकडे होतात. एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचं नि परत फिरायचं, एवढाच पल्ला मिळतो. त्यात जलपर्णी आली की तोही नाही. मोकळं पाणी हवं असेल तर धरणांचा फुगवटा किंवा थेट घाट उतरून देवगड-मालवण.

परवानगीचं काम बोट घेण्याआधी करा, नंतर नाही. धरणाच्या पाण्यावर जलसंपदा विभागाचा हक्क असतो. राधानगरी अभयारण्याला लागलेल्या पाण्यात वनखात्यालाही विचारावं लागतं. काळम्मावाडी धरणाचं पाणी तर थेट पाईपलाईननं कोल्हापूर शहराच्या नळाला येतं, तेव्हा तिथं पेट्रोल सांडणाऱ्या माणसाला कोणी गोड बोलणार नाही. यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो: नोंदणी, तपासणी, विमा. त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जायचं. बोट ओढून नेणाऱ्या ट्रेलरची नोंदणी वेगळी, ती आरटीओत. या सगळ्याची फी वर्षाच्या हिशोबात धरायची आहे, म्हणून इथं सांगितलं.

पहिली पायरी: एचपीवरून कच्चा आकडा

पूर्ण रेसवर मशीन तासाला किती पितं, याचा ढोबळ हिशोब असा.

फोरस्ट्रोक पेट्रोल: एका एचपीला ०.३३ ते ०.३७ लिटर
जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक: एका एचपीला ०.४५ ते ०.५ लिटर
डिझेल: एका एचपीला ०.२२ लिटरच्या आसपास

म्हणजे आपलं ४० एचपी फोरस्ट्रोक पूर्ण रेसवर तासाला १३ ते १५ लिटर घेणार, तेवढ्याच ताकदीचं जुनं टू-स्ट्रोक १८ ते २०. टू-स्ट्रोकला वर ऑइल लागतं, ५०:१ प्रमाणात लिटरला २० मिली.

वापरलेलं टू-स्ट्रोक निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून हुरळून जाणारे पुष्कळ. त्यांनी हा गुणाकार करून बघावा. वर्षाला ६० तास चालवलं, हळू-जोरात सगळं धरून फोरस्ट्रोकला तासाला ७ लिटर लागलं, टू-स्ट्रोकला साडेदहा. फरक साडेतीन लिटरचा, वर्षाला २१० लिटर, म्हणजे २२,०५० रुपये. ऑइल १२.६ लिटर, लिटरला ५०० रुपये धरले तर आणखी ६,३००. एकूण २८,३५० रुपये दरवर्षी. तीन-चार वर्षांत स्वस्त मशीन महाग पडतं. मात्र वर्षाला दहा-बारा तासच फिरणार असाल तर टू-स्ट्रोक घेण्यात काही चूक नाही. ते वजनाला हलकं, उघडायला सोपं, आणि कार्ब्युरेटर साफ करणारा हात कुठल्याही तालुक्याच्या गावाला सापडतो.

दुसरी पायरी: लिव्हर कुठं ठेवायचा

पेट्रोल सगळ्यात जास्त वाया जातं ते जोरात चालवण्यात नाही, अर्धवट चालवण्यात. कारण असं. बोट हळू असते तेव्हा ती पाणी बाजूला सारत जाते. या चालीला मर्यादा असते: पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, की नॉटमध्ये वेग येतो. आपल्या बोटीची पाण्यातली लांबी १५ फूट धरली तर ५.२ नॉट, म्हणजे साडेनऊ किलोमीटर. एवढ्या वेगापर्यंत बोट थोडक्यात भागवते. त्यापुढं रेटली की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते. नाक वर, शेपूट खाली, मागे भलामोठा खड्डा आणि फेस. हा चढ पार झाला की बोट पाण्यावर आडवी होते नि घसरू लागते. त्याला प्लेनिंग म्हणतात. तिथं मशीन पुन्हा मोकळं होतं.

शांत पाण्यात आपल्या नमुन्याच्या बोटीचे आकडे साधारण असे येतात (आरपीएम म्हणजे मशीनचे मिनिटाला फेरे):

१५०० आरपीएम, वेग ८ किमी, तासाला १.६ लिटर, लिटरला ५ किमी
३००० आरपीएम, वेग १५ किमी, तासाला ५ लिटर, लिटरला ३ किमी
४४०० आरपीएम, वेग ३२ किमी, तासाला ७.५ लिटर, लिटरला सव्वाचार किमी
५८०० आरपीएम, वेग ४५ किमी, तासाला १४ लिटर, लिटरला ३.२ किमी

दुसरी ओळ पुन्हा वाचा. ‘पोरंबाळं आहेत, सावकाश जाऊया’ म्हणून पंधराच्या वेगानं जाणारा माणूस पूर्ण रेसवाल्यापेक्षाही किलोमीटरला जास्त पेट्रोल जाळतो, आणि नाक वर असल्यामुळं त्याला पुढचं दिसतही नाही. सावकाश जायचं तर आठनं जा. नाहीतर एकदाच रेस देऊन बोट आडवी करा आणि मग लिव्हर मागे घेत घेत ती आडवी राहील अशा कमीत कमी रेसवर आणा. बहुतेक बोटींत ही जागा पूर्ण आरपीएमच्या ७० ते ८० टक्क्यांत सापडते. सापडली की लिव्हरच्या बुडाशी मार्करनं रेघ मारून ठेवा.

तिसरी पायरी: आपल्या बोटीचा आकडा वजनकाट्यावर

वरचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बोटीचे वेगळे येतील आणि ते काढायला महागडा फ्युएल मीटर लागत नाही. पेट्रोलच्या टाकीवर कोरलेल्या रेघा किंवा तरंगता काटा यांवर मात्र विसंबू नका. बोट कलली की काटाही कलतो. वजन खोटं बोलत नाही.

लागतं एवढंच: १२ किंवा २४ लिटरची सुटी टाकी, पन्नास किलोपर्यंतचा लटकता डिजिटल वजनकाटा (सामानाचे वजन करायचा चालतो, पण १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या), मोबाइलवर जीपीएस आणि घड्याळ.

टाकी भरा, झाकण लावा, नळी काढून ठेवा, काठावर उभं राहून वजन घ्या. समजा १९.४ किलो. नळी जोडा, मशीन गरम होईपर्यंत पाच मिनिटं चालवा, मग थांबवून पुन्हा वजन घेतलंत तर आकडा आणखी नेमका येतो. आता एकच आरपीएम धरायचं, समजा ४४००, आणि सरळ जाऊन त्याच रेषेत परत यायचं. एकाच दिशेनं मोजलं तर वारा फसवतो. दुपारनंतर धरणावर वारा उठला की जाताना नि येताना वेगात सहज तीन-चार किलोमीटरचा फरक दिसतो. म्हणून सकाळी लवकर जा. परत आल्यावर वजन १६.१ किलो भरलं. ३.३ किलो पेट्रोल जळालं. आपल्याकडच्या पेट्रोलचं वजन लिटरला साधारण पाऊण किलो, म्हणून ३.३ भागिले ०.७५ बरोबर ४.४ लिटर. वेळ लागली ३५ मिनिटं, म्हणजे तासाला साडेसात लिटर. जीपीएसवर अंतर १८.७ किलोमीटर, म्हणजे लिटरला सव्वाचार.

असं चार-पाच आरपीएमला करा, दोन माणसांत एकदा, पाच माणसांत एकदा. वहीत तारीख, माणसं, वारा लिहा. एक-दोन सकाळी जातात आणि तीस-पस्तीस लिटर पेट्रोल. पुढं कधी हा आकडा पंधरा टक्क्यांनी बिघडला तर काहीतरी झालंय हे मशीन बोलायच्या आधी तुम्हाला कळतं.

चौथी पायरी: पंख्याची परीक्षा

प्रोपेलरवर, म्हणजे मशीनच्या पंख्यावर, दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच १२ म्हणजे पंख्याचा एक फेरा झाला की, पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर, बोट १२ इंच पुढं गेली असती. प्रत्यक्षात ती थोडी कमी जाते, त्याला स्लिप म्हणतात. ५८०० आरपीएम, गिअर २:१ धरला तर पंखा मिनिटाला २९०० फेरे घेतो. गुणिले १२ इंच, तासाला ५३ किलोमीटर व्हायला हवेत. जीपीएसवर ४५ दिसले, म्हणजे स्लिप १५ टक्के. १० ते २० पर्यंत ठीक. एकदम ३० वर गेली तर पंख्याची पाती वाकली आहेत, बुडाला शेवाळ धरलंय, किंवा पंख्याच्या आतलं रबरी बुश घसरतंय.

पिच बरोबर आहे का ते बघायची रीत साधी आहे. नेहमीची माणसं बसवा, पूर्ण रेस द्या, आरपीएम बघा. मशीनच्या पुस्तकात पूर्ण रेसचा पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ ५००० ते ६०००. त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात आलं पाहिजे. खाली राहिलं तर पिच जास्त आहे. टॉपला घाट चढवल्यासारखं मशीन गुदमरतं, कार्बन धरतं, पेट्रोल पितं. पिच एक इंचानं कमी केला की दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात.

कोल्हापूरकरांनी इथं एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहोत, धरणं त्याहून थोडी वर. हवा विरळ, त्यामुळं मशीनची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के घटते. किनाऱ्यावर बसवून घेतलेला पंखा इथं जड पडतो तो यामुळं. उलट इथं जुळवलेली बोट मालवणला उतरवली की पूर्ण रेसला आरपीएम पट्ट्याच्या वर जाऊ शकतं. दोन्हीकडे फिरणार असाल तर दोन पंखे ठेवा. नाहीतरी खडकावर पंखा गेला की दुसरा लागतोच. पात्याचा टवका उडाला तर अ‍ॅल्युमिनियमचा पंखा उद्यमनगरात आर्गॉन वेल्डिंगनं भरून मिळतो, पण भरल्यावर बॅलन्स करून घ्या. तिन्ही पात्यांचं वजन सारखं नसेल तर थरथर गिअरच्या सीलला खाते.

वजन, कल आणि बूड

तळात साठलेलं १०० लिटर पाणी म्हणजे न बोलावलेले दीड पाहुणे. निघण्याआधी उपसा. जड माणसं मागे बसली तर बोट आडवी व्हायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला दोघांना पुढं बसवा. मशीनचा कल सुटताना आत, वेग आल्यावर थोडा बाहेर. लहान मशीनला त्यासाठी पिनेची भोकं असतात, एका भोकाच्या फरकानं दोन-तीनशे आरपीएमचा खेळ होतो. गोड्या पाण्यात पंधरा दिवस उभ्या बोटीच्या बुडाला बुळबुळीत थर धरतो. तो नारळाच्या काथ्यानं घासला तरी पुरे. समुद्रात उभी ठेवली तर कवचाचे किडे चिकटतात आणि मग घासण्याचं काम पत्र्याच्या पट्टीनं करावं लागतं.

पाचवी पायरी: पेट्रोल

पंपावर आता मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यातलं काही आपल्याच उसाचं असेल, पण म्हणून बोटीला ते मानवतं असं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांश. ई-२० वर त्यामुळं साधारण ६ ते ७ टक्के जास्त पेट्रोल लागतं. हा भुर्दंड टळत नाही. खरी अडचण पाण्याची आहे. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. बोटीची टाकी वर्षातून कितीतरी दिवस अर्धी भरून पडलेली, शेजारी पाणीच पाणी. बाष्प एका मर्यादेपलीकडं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. मशीनची नळी पेट्रोल ओढते तीही तळातूनच. मशीन चालू होतं, शंभर मीटरवर जाऊन बंद पडतं, प्लग भिजलेला दिसतो, आणि सगळे मिळून प्लगला शिव्या देतात.

ओळखायचं कसं? काचेच्या बाटलीत टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल घ्या, दहा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल बोटीत घालू नका. मशीनच्या पुस्तकात किती टक्के इथेनॉलपर्यंत चालतं ते बघा. अनेक आउटबोर्डना १० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. तुमचं मशीन त्यातलं असेल तर पंपावर इथेनॉलमुक्त पेट्रोल आहे का याची चौकशी करा, आणि जुन्या नळ्या, प्राइमर बल्ब (नळीतला हातानं दाबायचा रबरी फुगा), कार्ब्युरेटरचे रबर दर हंगामाला तपासा. बोटानं दाबल्यावर नळी चिकट किंवा मऊ लागली तर बदला. पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर टाकी आणि मशीनच्या मध्ये बसवलाच पाहिजे. तो १०० तासांनी किंवा वर्षानं बदलायचा, जे आधी येईल ते.

पेट्रोल नेण्याचं कायद्यात माप आहे. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येतं, ते धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, आणि एक कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नको. प्लास्टिकच्या ड्रममध्ये बहुतेक पंप देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. काठोकाठ भरू नका. उन्हात २० अंश तापमान वाढलं तर २४ लिटर पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगतं.

टू-स्ट्रोकवाल्यांनी ऑइल टीसी-डब्ल्यू३ शिक्क्याचं घ्यावं. मोटारसायकलचं टू-टी ऑइल पाण्यानं थंड होणाऱ्या मशीनला चालत नाही, प्लगवर राख धरते. नव्या मशीनला पहिले दहा तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, नंतर ५०:१. मिश्रण नरसाळ्यातून आधी ऑइल, मग पेट्रोल असं करा आणि कॅन हलवा.

टाकी जोडताना नव्या माणसाची हमखास होणारी चूक एकच: झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहतो. दहा-पंधरा मिनिटं मशीन झकास चालतं, मग दम लागल्यासारखं होतं. नळीतला बल्ब हातात घेऊन बघा. चपटा झालेला असेल तर स्क्रू बंद आहे. बल्बवरचा बाण मशीनकडं असतो. उलटा जोडला तर कितीही दाबा, पेट्रोल येणार नाही.

सहावी पायरी: बरोबर किती घ्यायचं

जायला एक वाटा, यायला एक वाटा, एक वाटा शिल्लक. २४ लिटरच्या टाकीत आठ लिटर संपले की बोट फिरवायची, मग पलीकडचा काठ कितीही जवळ दिसो. तळातलं लिटर-दीड लिटर नळीत येत नाही, त्यामुळं ‘रिझर्व्ह’वर भिस्त नको. गाडीचं पेट्रोल संपलं तर ढकलत पंपावर नेता येते. धरणाच्या मध्यावर बंद पडलेली बोट वारा नेईल तिकडं जाते. वल्ही, नांगराची दोरी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि मशीन बंद करणाऱ्या दोरीचा आकडा चालवणाऱ्याच्या मनगटाला. हे खर्चात धरायचं नसतं.

काय बिघडतं

मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडत असते. चालवणाऱ्याची नजर दर दोन-चार मिनिटांनी तिच्यावर गेली पाहिजे. धार थांबली म्हणजे मशीन थंड होत नाही. लगेच बंद करा. नदीत बहुतेक वेळा कारण जलपर्णी असते. तिची मुळं पाणी ओढायच्या जाळीवर बसतात, देठ पंख्याला गुंडाळतात. मशीन वर उचलून साफ करा. धार तरीही आली नाही तर आतला, पाणी ओढणारा रबरी इंपेलर गेला. तो पाण्याशिवाय काही सेकंदांतच जळतो, म्हणून अंगणात ‘आवाज ऐकूया’ म्हणून कोरडं मशीन सुरू करायचं नाही. इंपेलर दोनशे-तीनशे तासांनी किंवा दोन वर्षांनी बदला. स्वस्त भाग आहे, पण तो गेल्यामुळं तापून बसलेलं मशीन उघडायला लागलं तर पिस्टन, पंप, गॅस्केट असं सगळं बिल लाखाकडं सरकतं.

मासे पकडायची नायलॉनची दोरी पंख्यामागं शाफ्टला गुंडाळली की सील कापते. गिअरमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू थोडा सैल करून ऑइलचा थेंब बघा. ताकासारखं पांढरं आलं तर पाणी शिरलंय. काळंभोर पण तुकतुकीत असेल तर नुसतं जुनं झालंय.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांची जोती, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं पृष्ठभागाखाली हातभरावर येतात. मार्चनंतर अनोळखी भागात आठच्या वेगानंच जा.

वर्षाचा हिशोब

बोट, मशीन, ट्रेलर मिळून नऊ लाख धरले. वर्षाला ६० तास, १५ फेऱ्या, फेरीला जाऊन-येऊन सरासरी १२० किलोमीटर ट्रेलर ओढणं.

पेट्रोल, ४२० लिटर: ४४,१००
सर्व्हिसिंग (इंजिन ऑइल, गिअर ऑइल, फिल्टर, प्लग, अ‍ॅनोड): १५,०००
पंखा, इंपेलर, किरकोळ: १०,०००
विमा व फी: १२,०००
ट्रेलरचे टायर, बेअरिंग, दिवे: ८,०००
ओढणाऱ्या गाडीचं डिझेल, लिटरला १० किमी धरून: १६,५६०
घसारा, १० टक्के: ९०,०००

बेरीज १,९५,६६०. तासाला ३,२६१ रुपये, त्यात बोटीचं पेट्रोल फक्त ७३५. पंपावर खिसा हलका होतो म्हणून पेट्रोल डोळ्यांत भरतं, पण पाऊण खर्च दुसरीकडं आहे. आता हीच बोट वर्षाला चार फेऱ्यांत १५ तास चालवली तर? पेट्रोल ११,०२५ वर, गाडीचं डिझेल ४,४१६ वर येतं. बाकीचं जवळजवळ तसंच राहतं. बेरीज १,५०,४४१, म्हणजे तासाला दहा हजार. चौघा मित्रांनी मिळून एक बोट घेणं शहाणपणाचं ठरतं ते या आकड्यामुळं. मात्र वही एकच ठेवा. प्रत्येकानं मशीनच्या तासमीटरचा आकडा, भरलेलं पेट्रोल आणि ठोकर बसली असेल तर तीही लिहायची. भांडण पेट्रोलवरून होत नाही, ‘पंखा वाकवला कोणी’ यावरून होतं.

अ‍ॅनोडचं थोडं. हा मशीनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. खाऱ्या पाण्यात झिंक, गोड्यात मॅग्नेशियम, दोन्हीकडं फिरणाऱ्यानं अ‍ॅल्युमिनियम. निम्मा झिजला की बदला. त्याला रंग कधी लावायचा नाही, रंगवलेला अ‍ॅनोड कामाचा राहत नाही आणि झीज मशीनच्या खोक्याला लागते.

पावसाळ्यात बोट आत

जूनमध्ये बोट शेडमध्ये गेली की चार महिने हलत नाही. मशीनचं खरं नुकसान याच काळात होतं. पिंपात गोडं पाणी भरून मशीन दहा मिनिटं चालवा, समुद्रातून आली असेल तर वीस. कार्ब्युरेटरचं मशीन असेल तर नळी काढा आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्या, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेले थेंबही काढा. इंजेक्शनच्या मशीनला असं कोरडं चालवायचं नाही. त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून थोडा वेळ चालवायचं. टाकीत उरलेलं साधं पेट्रोल गाडीत ओता. ऑइल मिसळलेलं मात्र गाडीत नको.

गिअर ऑइल आत्ताच बदला, ऑक्टोबरात नाही. आत पाणी असेल तर चार महिन्यांत बेअरिंग गंजून जातं. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. मशीन उभं ठेवा, आडवं टाकू नका. बोटीचा तळाचा बूच उघडा आणि नाक वर राहील असा ट्रेलर टेका. बॅटरी घरात आणा, महिन्यातून एकदा चार्ज करा.

ऑक्टोबरात पहिल्यांदा काढाल तेव्हा ताजं पेट्रोल, नवा प्लग, आणि बोट ट्रेलरवरून उतरवण्याआधी बूच घट्ट लावलाय का ते हात घालून बघणं.